मोटारसायकलीचा सुकाणू-धारवा

मोटारसायकलीचे पुढील चाक ज्या चिमट्यात बसविलेले असते, तो चिमटा सांगाड्याच्या पुढच्या टोकाशी असलेल्या तिरप्या नळीत एका दांड्याच्या योगाने फिरता ठेवलेला असतो. या नळीस शीर्षनळी व दांड्यास सुकाणू-दांडा म्हणतात. शीर्षनळीच्या वरच्या व खालच्या तोंडाशी एकेक धारवा असतो. धारवा म्हणजे फिरत्या भागाला आधार देऊन घर्षण कमी करणारा भाग; व्यवहारात त्याला बेअरिंग म्हणतात. शीर्षनळीतील या जोडीस सुकाणू-धारवे असे नाव असून महाराष्ट्रातील दुरुस्तीच्या दुकानांत ती ‘कोनसेट’ या नावाने आणि तीतील पोलादी गोळ्या ‘छर्रे’ या नावाने ओळखल्या जातात.

या धारव्याचे काम इतर बहुतेक धारव्यांपेक्षा निराळे आहे. चाकाचा धारवा एका प्रवासात हजारो फेरे घेतो. सुकाणू-धारवा मात्र वापरात एक पूर्ण फेराही कधी घेत नाही. हँडल दोन्ही बाजूंस जास्तीत जास्त सु. ३५° ते ४०° वळते आणि तेही गाडी जागच्या जागी वळविताना. वेगाने जात असताना ते मध्यापासून एकदोन अंशच हलते. असे असूनही पुढील चाकाला रस्त्यावर बसणारे सर्व धक्के याच धारव्यातून सांगाड्यात जातात. फिरण्यासाठी शोधून काढलेला भाग जवळजवळ स्थिर राहणाऱ्या जागी वापरावा लागला, यातच त्याच्या झिजेचे कारण आहे व त्याच्या इतिहासाचे सूत्रही आहे.

दुचाकी वाहन सरळ जाताना स्थिर दिसते. परंतु प्रत्यक्षात ते सतत एका बाजूस कलत असते आणि पुढील चाक त्याच बाजूस किंचित वळून त्याला पुन्हा उभे करीत असते. या सूक्ष्म दुरुस्त्या काही अंशी चालक करतो, तर काही अंशी वाहन स्वतःच करते. हँडल मध्यावर अडकू लागले की, या दुरुस्त्या उशिरा व झटक्याने होऊ लागतात आणि सरळ रस्त्यावरही गाडी नागमोडी जाऊ लागते. याउलट धारवा सैल असल्यास गतिरोधक लावताच चिमटा पुढेमागे हादरतो. म्हणून या छोट्या गोळ्यांच्या स्थितीवर चालकाची सुरक्षितता अवलंबून असते.

पूर्वेतिहास : वळविता येणारे पुढील चाक असलेले पहिले दुचाकी वाहन कार्ल फोन ड्राइस यांनी जर्मनीतील मानहाइम येथे १८१७ मध्ये चालवून दाखविले. लाकडी सांगाड्यातून गेलेली एक खीळ हाच त्याच्या सुकाणूचा आधार होता. वाहनाचा वेग माणसाच्या धावण्याहून फारसा अधिक नसल्याने तो पुरेसा ठरला. गोलक धारव्याची कल्पना त्यापूर्वीचीच आहे. वेल्समधील कारमार्दनचे लोहव्यावसायिक फिलिप व्हॉन यांनी १७९४ मध्ये घोडागाडीच्या आसासाठी गोळ्या वापरण्याचे एकस्व घेतले होते. पण एकसारख्या आकाराच्या व पुरेशा कठीण गोळ्या तयार करण्याची साधने त्या काळी नव्हती आणि ही कल्पना मागे पडली.

तिला व्यवहारात आणले ते सायकलीने. पॅरिसमधील यंत्रकारागीर झ्यूल स्यूरिरे यांनी १८६९ च्या ऑगस्टमध्ये सायकलीसाठी गोलक धारव्याचे एकस्व मिळविले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी झालेली पॅरिस ते रूआन ही सु. १२० किमी.ची शर्यत जेम्स मूर यांनी जिंकली. त्यांच्या सायकलीस स्यूरिरे यांचे धारवे बसविले होते. या यशाने गोलक धारव्याकडे सर्वांचे लक्ष वेधले. तथापि गोळ्यांच्या अचूकतेची अडचण कायम होती. संचातील एक गोळी इतरांपेक्षा किंचितही मोठी असली, तर सर्व भार तिच्यावरच येतो व ती फुटते. १८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीड्रिख फिशर यांनी कठीण पोलादाच्या गोळ्या घासून एकसारख्या करणारे यंत्र तयार केले आणि ही अडचण दूर झाली. या यंत्रामुळे गोळ्या मोठ्या संख्येने व स्वस्तात मिळू लागल्या. त्या कारागिराच्या कौशल्याची वस्तू न राहता बाजारात सहज विकत मिळणारी वस्तू बनल्या.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ मध्ये ‘रोव्हर’ ही दोन जवळपास सारख्या चाकांची सायकल प्रचारात आणली. तिच्यापासून विकसित झालेल्या सायकलींत तिरपी शीर्षनळी आणि तिच्या दोन्ही तोंडांशी सुट्या गोळ्यांचे धारवे ही रचना १८९० नंतरच्या दशकात सर्वमान्य झाली. नळीत ठोकून बसविलेली पोलादी वाटी, दांड्यावरचा शंकू आणि त्या दोहोंमध्ये ग्रीजमध्ये बसविलेल्या सुट्या गोळ्या, असे तिचे स्वरूप होते. वरचा शंकू आट्यांवर फिरवून सैलपणा काढता येई. दोन पाने आणि थोडे ग्रीज एवढ्या साहित्यावर सायकलीचा मालक हे काम घरी करू शके. ही सोय या रचनेच्या प्रसाराचे एक मोठे कारण होती.

मोटारसायकलीत प्रवेश : गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये पेट्रोल एंजिनावर चालणारी दुचाकी तयार केली, तर म्यूनिकच्या हिल्डेब्रांट व व्होल्फम्यूलर यांची दुचाकी १८९४ पासून विक्रीसाठी बनू लागली. त्यानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतील पुष्कळशा मोटारसायकली म्हणजे मजबूत केलेल्या सायकलीच्या सांगाड्यात बसविलेली एंजिने होती. त्यामुळे सायकलीचा सुकाणू-धारवा कोणताही मूलभूत बदल न होता मोटारसायकलीत आला. गोळ्या व वाट्या तेवढ्या मोठ्या झाल्या.

परंतु भाराचे स्वरूप बदलले होते. वाहनाचे वजन, वेग व गतिरोधकाची शक्ती ही सर्व अनेक पटींनी वाढली. चिमटा ही एक लांब तरफ आहे. चाकाच्या तळापासून खालच्या धारव्यापर्यंतचे अंतर दोन धारव्यांमधील अंतराच्या कित्येक पट असल्याने चाकावर येणारा मागे ढकलणारा जोर धारव्यांवर त्याच प्रमाणात वाढून येतो. वाहनाच्या पुढील भागाचे वजनही प्रामुख्याने खालच्या धारव्यावर पडते. शिवाय पुढील चाकाने उडविलेले पाणी व माती प्रथम तेथेच पोहोचते. यामुळे दोहोंपैकी खालचा धारवा नेहमी आधी खराब होतो.

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात वेग वाढले, तशी हँडल आपोआप डावीउजवीकडे थरथरण्याची तक्रारही वाढली. अनेक उत्पादकांनी त्यावर शीर्षनळीच्या जागी घर्षण-चकत्यांचा संदमक बसविला. हँडलच्या मध्यभागी असलेली मोठी मूठ फिरवून त्याचा ताण कमी-अधिक करता येई. झिजलेल्या धारव्यामुळे होणारी थरथर चालक पुष्कळदा ही मूठ आवळून थांबवीत. त्यामुळे थरथर दबे, पण तिचे मूळ कारण तसेच राही.

दुचाकीच्या स्थैर्याचे गणिती विवेचन केंब्रिजचे फ्रान्सिस व्हिपल यांनी १८९९ मध्ये सायकलीच्या संदर्भात केले होते. मोटारसायकलीसाठी असे मूलभूत विवेचन इंग्लंडमधील आर. एस. शार्प यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी टायरच्या गुणधर्मांचाही विचार करून अस्थैर्याचे तीन प्रकार वेगळे दाखविले : वाहनाचे सावकाश एका बाजूस कोसळणे, सर्व वाहनाने नागमोडी डुलणे आणि केवळ पुढील चाक व हँडल यांनी थरथरणे. डुलण्याची आवर्तने सर्वसाधारणपणे दर सेकंदाला दोन ते चार, तर थरथरण्याची सहा ते दहा असतात. कारागिरांना अनुभवाने ठाऊक असलेल्या एका गोष्टीचाही यामुळे उलगडा झाला. सुकाणूतील घर्षण थरथर दाबते, पण तेच फार वाढल्यास डुलणे बळावते. म्हणून सुकाणू-धारवा केवळ सैल नसून चालत नाही, तो अति घट्ट नसणेही तितकेच आवश्यक असते.

खाचांचा उलगडा : जुना सुकाणू-धारवा उघडला असता वाटीच्या पृष्ठभागावर गोळ्यांच्या संख्येइतक्या व सारख्या अंतरावरच्या खाचा दिसतात. हँडल सरळ असताना प्रत्येक गोळी आपल्या खाचेत बसते आणि तेथून तिला बाहेर काढण्यास वेगळा जोर लागतो. चालकाला हा अनुभव हँडल मध्यावर ‘टक्’ असे अडकण्याच्या रूपाने येतो.

या खाचा धक्क्यांनी पडतात, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. तिला शास्त्रीय आधारही होता. दोन गोलाकार पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता संपर्काच्या ठिकाणी किती प्रतिबल निर्माण होते, हे जर्मन शास्त्रज्ञ हाइन्रिख हेर्ट्‌झ यांनी १८८१-८२ मध्ये गणिताने दाखविले होते. गोळीचा संपर्क जवळजवळ एका बिंदूशी असल्याने माफक भारानेही तेथे प्रचंड प्रतिबल उत्पन्न होते. स्वीडिश अभियंते योहान आउगुस्ट ब्रिनेल यांनी तर १९०० मध्ये कठीण गोळी ठराविक भाराने धातूवर दाबून पडलेल्या खळग्यावरून धातूची कठिनता मोजण्याची पद्धत मांडली. अतिभाराने धारव्यात पडणाऱ्या खळग्यांना त्यांच्याच नावावरून ब्रिनेल-खुणा असे नाव पडले.

मात्र पुष्कळशा खाचांना हे स्पष्टीकरण लागू पडत नव्हते. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीत संशोधन करणारे जे. ओ. आल्मेन यांनी १९३७ मध्ये एका वेगळ्याच वस्तुस्थितीकडे लक्ष वेधले. कारखान्यातून दूरच्या गावी पाठविलेल्या कोऱ्या मोटारगाड्यांच्या चाकांचे धारवे ग्राहकाने वापरण्यापूर्वीच खराब झालेले आढळत. गाड्या वाहून नेल्या जात असताना त्यांची चाके फिरत नसत, फक्त सूक्ष्म कंप पावत. अशा कंपनाने गोळी व कडे यांमधील वंगण बाजूस सारले जाते, गोळी न फिरल्याने ते पुन्हा आत येत नाही आणि उघडे पडलेले धातू एकमेकांवर घासून झिजतात. झिजेचे कण ऑक्सिडीभूत होऊन लालसर तपकिरी भुकटी बनते. दिसण्यात ब्रिनेल-खुणांसारख्या, पण दाबाने नव्हे तर झिजेने झालेल्या या खाचांना ‘आभासी ब्रिनेल-खुणा’ म्हणतात.

मोटारसायकलीच्या सुकाणूची परिस्थिती याहून वेगळी नसते. लांब सरळ रस्त्यावर हँडल स्थिर असते आणि एंजिन व रस्ता यांची कंपने चालूच असतात. म्हणजे वाहन वेगाने धावत असताना त्याचा सुकाणू-धारवा बहुतांशी एका जागी थरथरत असतो. खड्ड्यांचे धक्के आणि ही सूक्ष्म झीज अशी दोन्ही कारणे येथे एकत्र येतात. यावरून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष असा की, धारवा केवळ मजबूत करणे पुरेसे नाही, त्यात ताजे वंगण टिकणे तितकेच महत्त्वाचे आहे. अमेरिकेत क्लॅरेन्स अर्ल यांनी १९४२ मध्ये एकस्व घेतलेले लिथियम-साबणयुक्त ग्रीज पाणी व उष्णता यांना चांगले तोंड देणारे असल्याने पुढे या कामी सर्वत्र वापरात आले.

निमुळते रूळ : अमेरिकेतील घोडागाडी-उत्पादक हेन्री टिमकेन आणि रेजिनल्ड हाइन्झेलमन यांनी १८९८ मध्ये निमुळत्या रुळांच्या धारव्याचे एकस्व घेतले. यात गोळ्यांऐवजी शंकूच्या तुकड्यासारखे रूळ असतात. रुळाचा संपर्क बिंदूशी नसून एका रेषेवर असल्याने भार अधिक जागेवर विभागला जातो. आसाच्या दिशेचा व आडवा असा दोन्ही प्रकारचा भार तो एकाच वेळी पेलतो. सुकाणूला नेमकी हीच गरज असते. तरीही मोटारसायकलीत तो सर्वसामान्य होण्यास कित्येक दशके जावी लागली. तो महाग होता, त्याला जागा अधिक लागे आणि शीर्षनळीचे दोन्ही तोंडांचे कातकाम एका रेषेत व अचूक असणे आवश्यक असे. सुट्या गोळ्यांची रचना मात्र थोडी वाकडी-तिकडी जागाही चालवून घेई. ब्रिटनच्या ट्रायंफ कंपनीने १९७१ च्या नव्या सांगाड्याबरोबर आपल्या मोठ्या जुळ्या सिलिंडरांच्या गाड्यांत निमुळते रूळ स्वीकारले. याउलट १९६९ मध्ये विक्रीस आलेल्या होंडा सीबी-७५० या वेगवान चार-सिलिंडरी गाडीतही सुट्या गोळ्याच होत्या.

त्यामुळे १९७० नंतर जुन्या गाड्यांच्या मालकांमध्ये गोळ्या काढून त्यांच्या जागी निमुळत्या रुळांचे धारवे बसविण्याची प्रथा पडली. अशा गाड्यांच्या मापांचे तयार संच अनेक देशांत विकले जाऊ लागले. कारखान्याने न केलेली सुधारणा मालकाने घरी करावी, असे यंत्रविद्येच्या इतिहासात वारंवार घडले आहे. सुकाणू-धारवा हे त्याचे एक चांगले उदाहरण होय. मात्र रुळांनी खाचा पूर्णपणे टळत नाहीत. वंगणाअभावी त्यांच्या कड्यांवरही बारीक समांतर रेषा उमटतात.

घरगुती बदलाची पद्धती : मोटारसायकलीबरोबर मालकासाठी मार्गदर्शक पुस्तिका देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. घरी करावयाच्या कामांत सुकाणूची तपासणी हे नेहमीचे काम होते. तिची पद्धत आजही तीच आहे. एंजिनाखाली भक्कम ठोकळा ठेवून पुढील चाक अधांतरी करतात. चिमट्याची खालची टोके धरून पुढेमागे हलविल्यास सैलपणा, तर हँडल दोन बोटांनी सावकाश फिरविल्यास मध्यावरची खाच कळते. सैलपणा आवळून काढता येतो. खाच पडली असल्यास धारवा बदलण्यावाचून इलाज नसतो. खाच जाणवू नये म्हणून धारवा सैल ठेवणे किंवा सैलपणा लपविण्यासाठी तो करकचून आवळणे हे दोन्ही उपाय धोक्याचे आहेत.

बदलण्यासाठी चाक, चिखलरोधक व हँडल काढून सुकाणू-दांड्यावरील नट सोडवितात आणि चिमटा हळूहळू खाली घेतात. सुट्या गोळ्यांच्या रचनेत या वेळी गोळ्या घरंगळतात. म्हणून खाली फडके अंथरण्याची व गोळ्या मोजून ठेवण्याची सूचना जुन्या पुस्तिकांत आढळते. पाव इंच व्यासाच्या साधारण दीड ते दोन डझन गोळ्या प्रत्येक बाजूस असतात. जुन्या वाट्या नळीच्या विरुद्ध तोंडातून लांब सळई घालून, आळीपाळीने दोन्ही बाजूंस ठोकून काढतात. एकाच बाजूस ठोकल्यास वाटी तिरपी होऊन नळी ओरखडते. दांड्याच्या तळाशी घट्ट बसलेले खालचे कडे काढणे हा या कामातील सर्वांत कठीण भाग आहे. त्यासाठी छिन्नीने कडे थोडथोडे वर उचलतात किंवा ते काळजीपूर्वक कापतात. नळीत रुतून बसलेले व सळईला न सापडणारे बाहेरचे कडे सैल करण्यासाठी कारागीर त्याच्या आतील पृष्ठभागावर वितळजोडाची एक रेघ ओढतात. थंड होताना कडे आकसते व सुटून येते.

नवीन कडी बसविताना उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा उपयोग करतात. दांड्यावर चढवावयाचे कडे गरम तेलात तापवितात, तर नळीत जाणारी कडी शीतकपाटात काही तास ठेवतात. घरोघरी शीतकपाट आल्यावर दाबयंत्राशिवाय हे काम करणे सोपे झाले. कडी ठोकण्याऐवजी नळीतून आरपार घातलेला लांब बोल्ट व दोन जाड चकत्या यांच्या साहाय्याने ओढून बसविणे अधिक सुरक्षित असते. सुट्या गोळ्या ग्रीजमध्ये चिकटवून बसवितात. त्या कधीही गच्च भरत नाहीत. सुमारे एका गोळीची जागा मोकळी राहावी लागते, अन्यथा गोळ्या एकमेकींवर घासतात. नव्या वाट्यांत जुन्या गोळ्या वापरणे हीही एक नेहमीची चूक आहे. आवळण्याची कसोटी साधी आहे. चिमट्याला सैलपणा नसावा, पण अधांतरी चाक मध्यापासून किंचित ढकलल्यास ते स्वतःच्या वजनाने एका बाजूस जावे. नवी कडी वापरात थोडी आत सरकतात. म्हणून काहीशे किमी. चालविल्यावर ही कसोटी पुन्हा घ्यावी लागते.

भारतातील स्थिती : मद्रास येथे १९५५ मध्ये एनफील्ड बुलेटची बांधणी सुरू झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत म्हैसूरला जावा व एस्कॉर्ट्‌स कंपनीतर्फे राजदूत या गाड्या बनू लागल्या. १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी-१०० ही गाडी आली व तिच्यामागून जपानी बांधणीच्या हलक्या गाड्यांचा प्रसार झाला. या बहुतेक गाड्यांत दीर्घकाळ सुट्या गोळ्यांचीच रचना राहिली. सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराला ती आधीच परिचित होती. त्यामुळे गावोगावी वेगळ्या प्रशिक्षणावाचून हे काम होऊ शकले आणि ‘कोन’ व ‘छर्रे’ हे सायकलीच्या दुकानातील शब्दही त्याबरोबर मोटारसायकलीकडे आले. धारव्यांचे उत्पादनही देशात वाढले. जयपूरच्या नॅशनल बेअरिंग कंपनीची स्थापना १९४६ मध्ये झाली, पुण्याजवळ चिंचवड येथे १९६० नंतरच्या दशकात गोलक धारव्यांचा कारखाना निघाला आणि निमुळत्या रुळांच्या धारव्यांसाठी टाटा-टिमकेन ही कंपनी १९८७ मध्ये स्थापन झाली.

खड्ड्यांचे रस्ते आणि पावसाळ्यातील चिखलपाणी यांमुळे येथे सुकाणू-धारव्याचे आयुष्य कमी होते. मात्र तो एकदम मोडत नाही, हाच त्याचा खरा धोका आहे. खाच हळूहळू वाढते, चालकाचे हात तिच्याशी नकळत जुळवून घेतात आणि अचानक वळावे लागेपर्यंत किंवा जोराने गतिरोधक लावावा लागेपर्यंत दोष लक्षात येत नाही. चाक अधांतरी करून दोन बोटांनी हँडल फिरवून पाहण्याची सायकलीच्या काळापासून चालत आलेली घरगुती तपासणी म्हणूनच अद्याप कालबाह्य झालेली नाही. तीस कोणतेही उपकरण लागत नाही आणि चालकाला न जाणवणारी खाच तीत बहुधा सापडते.